करवतीने लाकूड का करपते?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक उतरणीची फळी करून घ्यायची होती. विकत मिळते ती पातळ असते, दोन पावसाळ्यांत वाकते आणि मग तिच्यावरून गाडी सोडली की मुलांना प्रत्येक वेळी वेगळे उत्तर मिळते. म्हणून आम्ही दोघे शिक्षक एका पाडलेल्या घराच्या फणसाच्या तुळईचा तुकडा घेऊन मालवणजवळच्या एका सुताराच्या शेडमध्ये गेलो. तिथे मेजावर बसवलेली, विजेवर चालणारी गोल करवत आहे. मेजाच्या फटीतून पात्याचा अर्धगोल वर आलेला असतो आणि लाकूड त्याच्यावर ढकलत न्यायचे असते. मेस्त्री बाहेर गेले होते, त्यांच्या हाताखालचा मुलगा तुळई उभी कापायला लागला. जरा वेळाने धूर दिसला, गूळ करपल्यासारखा वास आला आणि फळी बाहेर निघाली तेव्हा तिच्या कडेवर लांबच लांब तपकिरी पट्टा होता. एका जागी तर कोळशाने काढावी तशी काळी कमान उमटली होती.

"लाकूड भारी कडक हा," मुलगा म्हणाला. तेवढ्यात मेस्त्री आले. त्यांनी फळी हातात घेतली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, लाकडाचो काय दोष नाय. ता ब्लेड कापणा नाय, नुसता घासता."

एवढ्या एका वाक्यात उष्णतेच्या धड्यातला बराचसा भाग येतो. तो कसा, हे आपण पाहू.

आम्ही ती करपलेली फळी वर्गात नेली आणि हे का झाले असेल असे मुलांना विचारले. उत्तरे अशी आली: लाकूड जुने आणि सुके आहे म्हणून, करवत फार जोरात फिरते म्हणून, फणसात चीक असतो, तो जळला म्हणून. एकाने विचारले, "सर, आत किती खोल जळलंय?" यावर वर्गात दोन तट पडले. काहींच्या मते बोटभर, काहींच्या मते नुसते वरवर. तो प्रश्न आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. इतर तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, पण मूळ कारण त्यांतले एकही नाही.

आधी करवतीचा दात काय करतो ते पाहावे लागेल. करवत लाकूड चिरते असे आपण म्हणतो, पण सुरी काकडी चिरते तसे ते नसते. प्रत्येक दात म्हणजे एक छोटीशी पटाशी असते. ती लाकडाचा एक पापुद्रा खरवडून काढते आणि आपल्यापुढच्या खोलगट जागेत धरून बाहेर नेऊन टाकते. भुसा म्हणजे असे असंख्य पापुद्रे. हा पापुद्रा किती जाड असतो, याचे गणित सातवी-आठवीची मुले करू शकतात.

मेस्त्रींचे पाते १० इंच व्यासाचे होते. म्हणजे व्यास सुमारे २५ सें.मी. आणि परिघ सुमारे ८० सें.मी. ते मिनिटाला ३००० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला ५०. तेव्हा दाताचा वेग झाला ०.८ × ५० = ४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजेच ताशी १४४ किलोमीटर. कोकण रेल्वेची गाडीही एवढ्या वेगाने धावत नाही! पात्याला ४० दात असतील, तर मिनिटाला ३००० × ४० = १,२०,००० दात लाकडासमोरून जातात. आता आपण लाकूड मिनिटाला ३ मीटर म्हणजे ३००० मि.मी. या गतीने पुढे ढकलत आहोत असे समजा. ३००० भागिले १,२०,००० म्हणजे ०.०२५ मि.मी. एका दाताच्या वाट्याला एवढेच लाकूड येते. आपल्या वहीचा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. म्हणजे दाताला मिळाला कागदाच्या पाव जाडीचा पापुद्रा.

दात नवा आणि धारदार असेल तर तो एवढा पातळ पापुद्राही काढेल. पण वापराने धार झिजून गोल होते. या गोलव्यापेक्षा पापुद्रा पातळ झाला की दात लाकडात शिरतच नाही, तो वरून घसरतो. बोथट सुरी टोमॅटोवर ठेवून ओढून पाहा; सुरी साल दाबते, घसरते आणि कापत नाही. लाकडावर हेच ताशी १४४ किलोमीटर वेगाने घडते. त्यात एखाद्याने, आपल्या त्या मुलासारखा, हात बदलण्यासाठी लाकूड मध्येच दोन सेकंद थांबवले तर? तेव्हा पापुद्र्याची जाडी शून्य. सेकंदाला २००० या हिशेबाने ४००० दात एकाच जागेवरून नुसते घासून जातात. ती काळी कमान तिथेच उमटली होती. कमानीवर कंपास ठेवून पाहिला तर तिची त्रिज्या पात्याच्या त्रिज्येइतकीच भरते. फळीवर पात्याचे चित्रच उमटलेले असते म्हणा ना.

म्हणून कठीण लाकूड करपू नये यासाठी ते हळूहळू ढकलावे, ही सर्वसाधारण समजूत नेमकी उलटी आहे. न थांबता, एकसारख्या गतीने आणि मोटारीचा आवाज बसू न देता जितके नेता येईल तितके न्यावे, म्हणजे करपणे कमी होते. त्याचप्रमाणे उभे कापण्यासाठी कमी दातांचे पाते घ्यावे. ४० ऐवजी २४ दात घेतले तर त्याच गतीला दाताच्या वाट्याला ०.०४२ मि.मी. लाकूड येते. शिवाय दोन दातांमधली जागा मोठी असल्याने भुसा तुंबत नाही. आडवे कापताना धागे तुटून कड सफाईदार यावी म्हणून ६०–८० दातांचे पाते वापरतात. तेच पाते जाड फळी उभी कापायला लावले की धूर ठरलेला.

येथे एक शंका यावी. नीट कापतानाही घर्षण होतच असेल, मग तेव्हा लाकूड का करपत नाही? मोटार २ अश्वशक्तीची असेल तर ती सेकंदाला सुमारे १५०० ज्यूल ऊर्जा देते. नीट कापताना लाकडाचे धागे प्रत्यक्ष तोडायला यातला फारच थोडा भाग लागतो. बाकीची ऊर्जा शेवटी उष्णतेतच जाते. पण ती पापुद्र्याबरोबर बाहेर पडते आणि पुढच्या दातापुढे नवे, थंड लाकूड येते. ताजा भुसा हाताला कोमट लागतो तो यामुळेच. दात घासू लागला की पापुद्रा निघत नाही. उष्णता वाहून नेणारे कोणी उरत नाही आणि प्रत्येक दात त्याच त्या जागेत भर घालतो. १५०० ज्यूल ही काही लहान गोष्ट नव्हे. एवढी सगळी उष्णता पाण्याला दिली तर ३० अंशांचे एक लिटर पाणी सव्वातीन मिनिटांत उकळेल.

उष्णतेच्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रयोग अशाच बोथट हत्यारावर उभा आहे. बेंजामिन थॉमसन ऊर्फ काउंट रम्फर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा भोकण्याच्या कामावर देखरेख करत असे. भोक पाडताना तोफ आणि पितळेचा कीस किती तापतात ते पाहून तो चकित झाला. त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव असून तो पदार्थात भरलेला असतो असे बरेच शास्त्रज्ञ मानत. तसे असेल तर धातूचा कीस होताना तो द्रव बाहेर पडत असावा. रम्फर्डने मुद्दाम बोथट गिरमिट घेतले, म्हणजे कीस नाममात्रच निघावा. भोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकरवी यंत्र फिरवले. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळले. कीस जवळपास नाही, पण उष्णता मात्र घासत राहाल तोवर निघतेच आहे! १७९८ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि उष्णता ही गतीतून निर्माण होते असा निष्कर्ष काढला. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग असला तरी गिरमिट बोथट का घेतले हे बहुधा सांगितले जात नाही. करपलेली फळी हातात असली की ते मुलांना चटकन कळते.

घर्षणाच्या उष्णतेवर चालणारा एक सुंदर धंदाही आमच्याच जिल्ह्यात आहे. सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळे, खेळणी आणि रंगीत लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. लाखकाम करताना कातावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवून धरतात. लाख ७०–८० अंशांच्या आसपास मऊ होते, त्यामुळे घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते. शेगडी लागत नाही. कारागीर हाताचा दाब कमी-जास्त करून तापमान राखत असतो. दाब जास्त आणि वेळ जास्त झाला तर तेच घर्षण लाकूड काळे करील. कातारी लोक ठिकठिकाणी याचाही उपयोग करतात: फिरत्या लाकडावर खाच पाडून तिच्यात ताणलेली तार धरली की सुरेख काळी रेघ उमटते. आमच्या फळीवरचा पट्टा आणि ही नक्षी, दोन्ही एकाच जातीची.

लाकूडच इतके चटकन का करपते? एक तर ते उष्णतेचे फार वाईट वाहक आहे. पोलाद उष्णता लाकडाच्या दोन-तीनशे पट सहज वाहून नेते. म्हणून तर कढईच्या दांड्याला लाकडी मूठ लावतात. पृष्ठभागावर तयार झालेली उष्णता आत पसरू शकत नाही, तिथल्या तिथेच साठते. दुसरे असे की लाकूड हे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. साधारण २०० अंशांच्या पुढे त्यातले हेमिसेल्युलोज आधी मोडू लागते, लाकूड तपकिरी होते. ३०० च्या आसपास सेल्युलोजही मोडते आणि कोळसा होऊ लागतो. गूळ करपल्यासारखा वास उगाच आला नव्हता: ही द्रव्ये साखरेच्या रेणूंच्याच माळा आहेत.

कठीण लाकडात हे अधिक होते, कारण त्याच जागेत धागे दाट भरलेले असतात, दाताला विरोध जास्त होतो आणि धारही लवकर जाते. ऐन, किंजळ कापताना हा अनुभव येतो. पांगारा मात्र करवतीखाली मुकाट्याने निघतो. (इंग्रजीत 'हार्डवुड' म्हणतात ते याच अर्थाने नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने रुंद पानांच्या सगळ्या झाडांचे लाकूड हार्डवुडच, म्हणजे मऊ पांगारासुद्धा! मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो.) साग फारसा कठीण नाही, पण त्यात सिलिका म्हणजे वाळूतलेच द्रव्य असते. ते धार खाते. आणि फणसाच्या चिकाबद्दल बोलणारा मुलगाही अगदी चुकला नव्हता. लाकडातले चिकट द्रव्य गरम होऊन दातांच्या बाजूंवर बसते, तिथे काळा थर जमतो आणि मग दातांच्या कडाच लाकडावर घासू लागतात. मेस्त्रींनी पाते काढून दाखवले तर ते तसेच होते. साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासल्यावर निम्मा रोग गेला. पाते बोथट आहे म्हणून टाकण्याआधी ते धुऊन पाहावे.

उरलेला निम्मा रोग पात्यात नव्हता. फळीवरच्या पट्ट्याकडे पुन्हा पाहिले तर तो एकाच बाजूला होता. पात्याच्या उजवीकडे, गाइडला टेकून गेलेल्या फळीवर पट्टा आणि डावीकडच्या तुकड्यावर काहीच नाही. दात बोथट असते किंवा नुसताच चीक बसलेला असता, तर चिरेच्या दोन्ही बाजू करपल्या असत्या. एकच बाजू करपली याचा अर्थ लाकूड कुठेतरी त्या बाजूने पात्यावर दाबले जात होते.

लाकूड सरळ जावे म्हणून मेजावर जी लोखंडी पट्टी असते ती गाइड. ती पात्याला समांतर हवी. पात्याचे पुढचे दात कापतात. मागचे दात आधीच झालेल्या चिरेतून मोकळे फिरायला हवेत. गाइड मागच्या बाजूला पात्याकडे कललेली असेल तर लाकूड त्या निमुळत्या जागेत शिरताना मागच्या दातांवर चेपले जाते. तपासण्याची रीत साधी आहे. प्रथम वीज बंद करायची आणि प्लग काढून ठेवायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पात्याच्या एका दातावर खडूची खूण करायची. तो दात पुढे आणून गाइडपासूनचे अंतर मोजायचे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचे. दात तोच का? कारण प्रत्येक दात नेमका सारखा नसतो, आणि पातेही थोडे डुगडुगत असू शकते. तोच दात घेतला की ही चूक वजा होते. प्रयोगशाळेत आपण शून्याची चूक तपासतो तसेच हे. येथे मागचे अंतर पुढच्यापेक्षा जवळजवळ १ मि.मी. कमी भरले. मेस्त्रींनी बोल्ट सैल करून गाइड सरळ केली आणि मागे कागदाच्या दोन जाडींएवढी सैलच ठेवली.

हा दाब नुसते लाकूड काळे करून थांबत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. चेपलेले लाकूड त्यांनी धरले तर ते उचलले जाते आणि कापणाऱ्याच्याच दिशेने भिरकावले जाते. दातांचा वेग आपण आत्ताच काढला आहे. त्या शेडच्या मागच्या पत्र्यावर कमरेच्या उंचीला एक खोल पोचा आहे, तो अशाच एका तुकड्याने पडलेला. तिथे त्या दिवशी कोणी उभे नव्हते एवढेच. तेव्हापासून मेस्त्री पात्याच्या रेषेत उभे राहत नाहीत, जरा डावीकडे सरकून उभे राहतात. धूर दिसला की यंत्र बंद करून कारण शोधावे. जोर लावून फळी पुढे रेटू नये. पात्यावर रॉकेल शिंपडण्याची सवय काही ठिकाणी आहे, तीही ठिणगी आणि भुशाजवळ धोक्याचीच.

कधी गाइड अगदी समांतर असते आणि तरी चीर मागे मिटते. आपल्याकडे आषाढात कापलेले, नीट न वाळलेले लाकूड असे हमखास करते. फळी बाहेरून वाळते, आतून ओलीच राहते, त्यामुळे तिच्यात ताण साठतात. करवत मधून गेली की ते मोकळे होतात आणि दोन्ही भाग एकमेकांकडे वळून पात्याला चिमटा घेतात. यंत्रे येण्याआधी दोघे करवतकार ओंडका उंच मांडून, एक वर आणि एक खाली राहून फळ्या पाडत, तेव्हा ते चिरेत लाकडी पाचर ठोकत जात. आजच्या चांगल्या यंत्रात पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी असते. ती म्हणजे ही पाचरच. पुष्कळ ठिकाणी अडचण होते म्हणून ती काढून ठेवलेली दिसते, हे वाईट आहे.

पाते एकदा तापले की त्याचे दुखणे वाढत जाते. उष्णता कडेला होते, मध्यभाग थंडच राहतो. कड ५० अंशांनी जास्त तापली तर ८० सें.मी. परिघात जवळपास अर्धा मि.मी. वाढ व्हायला हवी. मध्यभाग तर वाढू देत नाही. मग जास्तीची लांबी जाईल कुठे? कड नागमोडी होते, पाते डुलते, आणखी घासते, आणखी तापते. हे वर्गात दाखवायला कागदाची मोठी चकती कापा आणि फक्त तिची कड पाण्याने ओली करा. ओला कागद पसरतो आणि कड लाटांसारखी उठते. पात्याच्या कडेला आत जाणाऱ्या बारीक चिरा दिसतात त्या यासाठीच असतात: रुळांमध्ये फट ठेवतात तशी ही वाढीला दिलेली जागा आहे.

विजेच्या करवतीजवळ मुलांना न्यायची गरज नाही. कार्यानुभवाच्या तासाला लोखंड कापायच्या करवतीची दोन पाती घ्या, एक नवे, एक झिजलेले. फणसाच्या एकाच सुक्या फांदीवर दोन्हींनी पन्नास-पन्नास वेळा घासा आणि चीर किती खोल गेली ते मोजा. भुसा कागदावर वेगवेगळा जमवून चहाच्या गाळणीतून चाळा. पाती लगेच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. कोणते जास्त तापले, आणि का, हे मुलांनीच लिहावे.

आमच्या फळीचे काय झाले? धुतलेल्या पात्याने आणि सरळ केलेल्या गाइडने दुसरी चीर स्वच्छ निघाली. फक्त शेवटच्या वीतभरात, जिथे गाठ होती तिथे, फिकट तपकिरी छटा राहिली. पहिली करपलेली कड तशीच ठेवून चालणार नव्हते, कारण दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या होत्या आणि करपलेल्या पृष्ठभागात सरस नीट मुरत नाही. ती आम्ही वर्गात आणली आणि मेस्त्रींनी मुलांसमोर हातरंधा चालवला. फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न अजून तिथेच होता. पहिली ढलपी काळी निघाली, दुसरी तपकिरी, तिसरी कडेला जराशी काळसर, आणि चौथी फणसाची स्वच्छ पिवळी. चारही एकावर एक ठेवून जाडी मोजली तर अर्धा मि.मी.सुद्धा भरली नाही. बोटभर म्हणणाऱ्यांनी ती मोजणी दोनदा करून घेतली.